भिंत पन्नास वर्षांची, वायर दहा वर्षांची

देऊळगाव राजात नवे घर बांधणाऱ्याला टीव्ही, इंटरनेट आणि स्पीकरच्या वायरिंगबद्दल आज दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, आता सगळे वायफायवर चालते, भिंतीत लाइटची वायर सोडून काही घालू नका, पैसे वाया जातील. दुसरा म्हणतो, घर आयुष्यात एकदाच होते, तेव्हा बाजारातली सगळ्यांत भारी एचडीएमआय आणि सोन्याचा मुलामा असलेली स्पीकर वायर आताच भिंतीत गाडून मोकळे व्हा. पहिला सल्ला देणाऱ्याचे काम कमी होते, दुसरा देणाऱ्याचा माल खपतो. घरमालक दोघांच्या मधे सापडतो आणि शेवटी वायरमन म्हणेल तसे करतो. वायरमनला मजुरी पॉइंटमागे मिळते, त्यामुळे लागणार नाही असा वाटणारा पाइप टाकायला तो स्वतःहून सांगेल ही अपेक्षाच चुकीची.

हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोघांची चूक एकच आहे. दोघेही फक्त वायर बघतात, भिंत कोणी बघत नाही. घराची भिंत निदान पन्नास वर्षे उभी राहायची असते. तिच्यातली टीव्हीची वायर दहा-बारा वर्षांत कालबाह्य होते. या दोन आयुष्यांतली तफावत मान्य केली की करायचे काय ते आपोआप ठरते. भिंतीत रुंद पाइप घाला, ज्यातून वायर कधीही काढता आणि पुन्हा ओढता येईल. त्यातून आज जी ओढाल ती अस्सल तांब्याची आणि लांबीला पुरेल इतक्या जाडीची घ्या. नावासाठी, मुलाम्यासाठी आणि चकचकीत खोक्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

वायर कालबाह्य होते हे मी अंदाजाने म्हणत नाही. आपल्याच घरांचा इतिहास तसा आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२मध्ये रंगीत प्रक्षेपण आले आणि पुढच्या काही वर्षांत लघुशक्ती प्रक्षेपकांमुळे टीव्ही तालुक्यांपर्यंत पोचला. तेव्हा गच्चीवरच्या अँटेनापासून खाली यायची ती चपटी, दोन तारांची, ३०० ओहमची पट्टी. नव्वदच्या दशकात केबलवाला आला आणि तिची जागा गोल, ७५ ओहमच्या कोॲक्सने घेतली. डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली आणि गच्च्यांवर छत्र्या दिसू लागल्या. वायर दिसायला तीच, पण छत्रीकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा. केबलवाल्याने टाकलेल्या बारीक, स्वस्त कोॲक्समध्ये तो वाटेतच मार खाऊ लागला. डीव्हीडी प्लेयर आला तशा पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिना आल्या. आता त्या लावायला पुष्कळ नव्या टीव्हींना भोकेच नसतात. तांब्याच्या जोडीवर चालणारा टेलिफोन गेला, खांबावरून फायबर आले.

एचडीएमआयची गोष्ट आणखी बोलकी आहे. हे मानक डिसेंबर २००२मध्ये जाहीर झाले. २००९च्या १.४ आवृत्तीची क्षमता सेकंदाला १०.२ गिगाबिट होती. २०१३च्या २.० आवृत्तीत ती १८ झाली, २०१७च्या २.१मध्ये ४८ आणि २०२५च्या २.२मध्ये ९६. म्हणजे २०१० साली ज्याने सगळ्यांत महागडी एचडीएमआय प्लास्टरखाली पुरली, त्याच्या भिंतीत १०.२ गिगाबिटची हमी पडून आहे आणि आजच्या फोर-के टीव्हीला त्याहून पुष्कळ जास्त लागते. त्याने पैसे कमी खर्च केले नव्हते. चुकीच्या जागी केले. वायरीवर केले, पाइपवर नाही.

आता वायफायवाल्यांकडे वळू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. राउटर हॉलमध्ये, टीव्ही त्याच हॉलमध्ये, घरात माणसे तीन, तर वायफाय पुरते. फोर-के चित्रपटाला सेकंदाला १५ ते २५ मेगाबिट पुरतात आणि चांगला राउटर एका खोलीत त्याच्या कितीतरी पट देतो. बहुतेक टीव्हींना असलेला लॅन पोर्टही १०० मेगाबिटचाच असतो. तेव्हा वायर लावली की टीव्ही पळू लागेल, असे सांगणाराही खोटे बोलतो.

पण घर म्हणजे एक हॉल नव्हे. आपल्याकडे आता खाली हॉल-स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या अशी घरे होतात. मधे सळयांच्या जाळीचा काँक्रीट स्लॅब असतो. पाच गिगाहर्ट्झच्या लहरींना तो स्लॅब म्हणजे जवळजवळ बंद दार. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी थोड्या पार जातात, पण त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. भिंतीला भिंत लागून असलेल्या गल्लीत दहा घरांचे दहा राउटर त्याच तीन चॅनलांवर भांडतात. वरच्या खोलीत मुलगी नीटचा ऑनलाइन वर्ग करत असते आणि चित्र अडकते. घरचे कंपनीला फोन करतात, प्लॅन वाढवतात, पुन्हा अडकते. दोष प्लॅनचा नसतो. सिग्नल तिच्या टेबलापर्यंत पोचतच नाही.

उपाय आहे वरच्या मजल्यावर दुसरा वायफाय पॉइंट, आणि तो नीट चालायचा तर खालच्या राउटरपासून त्याच्यापर्यंत वायर लागते. वायफाय हवे म्हणून वायर नको, हा युक्तिवाद इथे कोसळतो. चांगल्या वायफायला मागे वायर लागते. २०२०मध्ये शाळा मोबाइलवर आल्या तेव्हा कोणत्या घरात कोणता कोपरा चालतो हे आपण सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर बांधलेल्या घरातही अभ्यासाच्या खोलीत लॅनचा पॉइंट नसेल, तर आपण त्यातून काही शिकलो नाही.

फायबरचेही तसेच. खांबावरून आलेली केबल घरात कुठून शिरणार, हे नकाशा काढताना कोणी ठरवत नाही. मग कंपनीचा माणूस येतो, दाराच्या चौकटीशेजारी भोक पाडतो आणि पेटी तिथेच ठोकतो. घराच्या एका टोकाला राउटर, दुसऱ्या टोकाला माणसे. बाहेरच्या भिंतीपासून घराच्या मध्यापर्यंत एक रिकामा पाइप असता, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

आता भारी वायर विकणाऱ्यांकडे. त्यांचा दावा असा की महाग वायरीने आवाज भरदार आणि चित्र गडद होते. स्पीकरच्या बाबतीत हे तपासून झालेले आहे. अमेरिकेतल्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाच्या ऑगस्ट १९८३च्या अंकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी अशी चाचणी छापली. कोणती वायर चालू आहे हे ऐकणाऱ्यांना कळू दिले नव्हते. एक जाड, महाग वायर, एक साधी १६ गेजची दिव्याची वायर आणि एक बारीक २४ गेजची. संगीत ऐकताना महाग वायर आणि दिव्याची वायर यांतला फरक लोकांना भरवशाने ओळखता आला नाही. जो फरक कळला तो बारीक वायरीचा, आणि त्याचे कारण साधे होते: बारीक वायरीचा रोध जास्त, म्हणून आवाज कमी. म्हणजे कानाला कळते ती जाडी. नाव कळत नाही.

जाडीचा हिशेब कोणत्याही घरमालकाला करता येतो. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे ०.०१७ ओहम. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर दहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन तार वीस मीटर. बाजारात ‘अर्धा एमएम’, म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर, म्हणून मिळणाऱ्या वायरीत हा रोध ०.७ ओहमच्या आसपास जातो. स्पीकर ८ ओहमचा असेल तर ताकदीचा बारावा हिस्सा वायरीतच जिरतो, आणि ४ ओहमचा असेल तर सातवा हिस्सा. तेच अंतर दीड एमएमने जोडले तर रोध ०.२३ ओहम, अडीच एमएमने ०.१४. ८ ओहमच्या स्पीकरला दहा-पंधरा मीटरपर्यंत दीड एमएम पुरते. अंतर जास्त असेल किंवा स्पीकर ४ ओहमचा असेल तर अडीच एमएम घ्या. यापुढे खर्च केलेला पैसा आवाजात दिसणार नाही. फक्त एक काळजी घ्या: लाइटच्या वायरीचे लाल-काळे रंग स्पीकरला वापरू नका. दहा वर्षांनी बोर्ड उघडणाऱ्या माणसाने तिला चुकून २३० व्होल्टला जोडू नये.

‘ऑक्सिजन-फ्री’ तांब्याचाही मोठा गवगवा असतो. वायरीच्या साध्या तांब्याची शुद्धता सुमारे ९९.९ टक्के असते. ऑक्सिजन-फ्री तांबे त्याहून थोडे शुद्ध, आणि दोघांच्या विद्युतवाहकतेत फरक पडतो सुमारे एक टक्क्याचा. वायर चाळिसाव्या हिश्शाने जाड घेतली तरी यापेक्षा जास्त फायदा मिळतो. सोन्याच्या मुलाम्याचे काम एवढेच की पिनेवर गंज चढत नाही. वाहकतेत सोने तांब्याच्या खाली आहे. आणि एचडीएमआयमधून जातात ते शून्य आणि एक. ते नीट पोचले तर चित्र जसेच्या तसे उमटते. नीट पोचले नाहीत तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र मधेच काळे होते किंवा येतच नाही. अधिक गडद लाल, अधिक खोल काळा असे त्यात काही घडू शकत नाही. जो दुकानदार वायरीने रंग सुधारतात म्हणतो, त्याने टीव्हीची सेटिंग बदलून दाखवले असते तर जास्त प्रामाणिक ठरले असते.

एचडीएमआय घेताना बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. साध्या तांब्याच्या एचडीएमआयने १८ गिगाबिटचा भार पाचेक मीटरपर्यंत भरवशाने जातो. प्रोजेक्टरसाठी दहा-पंधरा मीटर न्यायची असेल तर प्रकाशतंतूची, म्हणजे ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी. तिला दिशा असते. एक टोक डब्याला, दुसरे पडद्याला. उलटी ओढली तर चालत नाही, आणि मग सगळी बाहेर काढावी लागते. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलच्या खोक्यावर मोबाइलने स्कॅन करून तपासता येणारे अधिकृत लेबल असते. ते नसेल तर किंमत कितीही असो, ती केबल सोडून द्या.

आता तिसरी चूक. ती कोणी सल्ला म्हणून बोलत नाही, पण सर्वांत जास्त नुकसान तीच करते. तांब्याच्या रंगाची वायर म्हणजे तांब्याची वायर, असे धरून चालणे. बाजारात ‘सीसीए’ नावाचा माल भरपूर आहे: आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा पातळ थर. तिची वाहकता तांब्याच्या साधारण दोन तृतीयांश. दीड एमएमची सीसीए स्पीकर वायर म्हणजे प्रत्यक्षात एक एमएम तांबे. ती वाकवली की लवकर तुटते, स्क्रूखाली सैल पडते, उघड्या टोकाला ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी धरते. आणि लॅन केबलमधून कॅमेऱ्याला किंवा वायफाय पॉइंटला ४८ व्होल्टची वीज पुरवली जाते तेव्हा सीसीए जास्त तापते. लॅन केबलच्या कॅट-५ई किंवा कॅट-६ या मानकांत ती बसतच नाही, तरी खोक्यावर ‘कॅट-६’ छापलेले असते.

आपला तालुका बीजोत्पादनाचा आहे. शेडनेटमध्ये कंपन्यांसाठी बियाणे पिकवणारा शेतकरी पिशवीवरचा लॉट नंबर, उगवणक्षमता आणि मुदत वाचल्याशिवाय एक दाणा पेरत नाही, कारण चूक पुढच्या चार महिन्यांत उगवून येते हे त्याला ठाऊक असते. त्याच माणसाने पन्नास वर्षांच्या भिंतीत जाणारी वायर दुकानदाराच्या तोंडी भरवशावर घ्यावी, हे मला मान्य नाही. तपासायला फार काही लागत नाही. तारेचे टोक ब्लेडने खरवडा. आत तांबूसच निघाली तर तांबे, पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. वरून चंदेरी असून आत तांबूस निघाली तर ती कथिलाचा मुलामा दिलेली, तिला हरकत नाही. ३०५ मीटरचा कॅट-६चा बॉक्स असेल तर मल्टिमीटर लावा. २३ गेजच्या अस्सल तांब्याच्या एका तारेचा टोकापासून टोकापर्यंतचा रोध वीस ओहमच्या जवळपास येतो. तीसच्या वर गेला तर बॉक्स परत करा. देऊळगावात जे मिळत नाही ते जालन्यात मिळते, आणि जालना काही लांब नाही.

इथे एक अपवाद सांगणे न्यायाचे आहे. छत्रीच्या आरजी-६ कोॲक्समध्ये मधली तार पुष्कळदा पोलादाची असून वर तांबे असते. ती बघून फसवणूक झाली म्हणून भांडायला जाऊ नका. इतक्या उंच वारंवारतेचा सिग्नल तारेच्या वरच्या काही सहस्रांश मिलिमीटरांतूनच वाहतो, आतले पोलाद त्याच्या वाटेत येत नाही. छत्रीच्या डोक्याला लागणारे १३ किंवा १८ व्होल्ट घराच्या अंतरावर तिच्यातून ठीक पोचतात. स्पीकरला आणि लॅनला मात्र ही सवलत नाही. प्रत्येक वायरीचे काम वेगळे, म्हणून तिची कसोटीही वेगळी.

चौथी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. ‘एकाच पाइपात घालू, जागा आहे’ हे वाक्य साइटवर रोज बोलले जाते. टीव्हीची, लॅनची, स्पीकरची वायर लाइटच्या वायरीसोबत एका पाइपात कधीही घालू देऊ नका. पिनांच्या वायरींत पन्नास हर्ट्झचा घूं आवाज शिरतो, हे लहान कारण झाले. मोठे कारण हे की ओढताना किंवा उन्हाने, उंदराने आवरण सोलले गेले तर २३० व्होल्ट थेट कोॲक्सच्या जाळीवर आणि तिथून टीव्हीच्या मागच्या धातूवर येतात. घरगुती वायरिंगचे भारतीय मानक आयएस ७३२ अशी सर्किटे वेगळी ठेवायला सांगते, ते उगाच नाही. वेगळा पाइप, वेगळा बॉक्स. जिथे दोघांना ओलांडावेच लागेल, तिथे काटकोनात ओलांडा. गच्चीवरच्या छत्रीच्या खांबाला अर्थिंग द्या आणि वळिवाच्या कडकडाटात तिची वायर सेट टॉप बॉक्सपासून काढून ठेवा.

मग घरमालकाने करायचे काय? स्लॅबच्या सळया बांधून झाल्या आणि काँक्रीट पडायचे आहे, ती वेळ गाठा. त्या दिवशी खालून वर जाणारा एक पाइप लाइटच्या पाइपांपासून वेगळा टाकून घ्या, निदान पंचवीस एमएमचा. पुढे वीटकाम झाले की टीव्हीच्या जागेपासून खालच्या कपाटापर्यंत चाळीस किंवा पन्नास एमएमचा सरळ पाइप भिंतीत बसवा. एचडीएमआयचे डोके वीस एमएमच्या आसपास रुंद असते. लाइटच्या पाइपात ते शिरले तरी बेंडला अडकते. राउटरच्या जागेपासून प्रत्येक खोलीत एक कॅट-६. त्यातली एक वरच्या मजल्याच्या छताशी, वायफाय पॉइंटसाठी. टीव्हीपाशी दोन. बाहेरच्या भिंतीपासून राउटरपर्यंत फायबरसाठी एक रिकामा पाइप. गच्चीपासून टीव्हीपर्यंत आरजी-६साठी एक. दोन बेंडांपुढे तिसरा आला की मधे बॉक्स द्या. रिकाम्या पाइपात ओढायची दोरी घालून ठेवा. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलने फोटो काढा. घरातल्या अंतराला कॅट-६ पुरते. तिच्यातून पंचावन्न मीटरपर्यंत दहा गिगाबिट जातात. कॅट-८ कोणी विकायला आला तर त्याला सांगा की ती डेटा सेंटरमधल्या तीस मीटरपर्यंतच्या जोडणीसाठी असते.

‘आपल्या गावात एवढे कशाला?’ हा आक्षेप मी पुष्कळ ऐकतो, आणि मला तो सर्वांत जास्त खटकतो. पुण्यात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी जाणकार माणूस सापडतो. आपल्याकडे तो जालन्याहून किंवा संभाजीनगरहून बोलवावा लागतो, तो त्याच्या सवडीने येतो आणि तोवर भिंतीवरून पांढऱ्या क्लिपा ठोकत वायर फिरते. गाव लहान असेल तर आगाऊ विचार जास्त करावा लागतो, कमी नव्हे. आणि इथे मागितलेले काहीही चैनीचे नाही. भारी वायरीच्या एका जोडीत जे पैसे जातात, त्यात सगळ्या घराचे जादा पाइप होतात. लहान गावाला स्वस्त आणि चुकीचे चालते, असे समजणाऱ्यांनीच आजवर आपल्याला सीसीएचे बॉक्स विकले आहेत.

म्हणून ठेकेदाराशी करार करताना या चार ओळी त्यात लिहून घ्या: टीव्ही-इंटरनेटचे पाइप वेगळे, मापे ठरलेली, वायर अस्सल तांब्याची आणि तपासून, वायर बदलता येईल अशी रचना. वायरमनला या जादा पाइपांची मजुरी मोकळ्या हाताने द्या, कारण त्याच्या कामाचा खरा उपयोग दहा वर्षांनी होणार आहे. २०३५ साली टीव्हीला कोणती वायर लागेल हे आज कोणताही दुकानदार सांगू शकत नाही. ती आपल्या घरात भिंत न फोडता जाईल की नाही, हे मात्र स्लॅब पडण्याआधी आपण स्वतः ठरवू शकतो.